मिग वितळजोडकाम आणि मोटारगाड्यांचा घरगुती जीर्णोद्धार

विद्युत् पुरवठ्याशी जोडलेली धातूची बारीक तार यंत्राने सतत पुढे सरकवावयाची, तिचे टोक व जोडावयाची वस्तू यांच्यामध्ये विद्युत् प्रज्योत पेटवावयाची आणि वितळलेल्या धातूस हवेचा स्पर्श होऊ नये म्हणून प्रज्योतीभोवती वायूचे कवच राखावयाचे, अशा रीतीने धातूचे भाग सांधण्याच्या पद्धतीस मिग वितळजोडकाम म्हणतात. ‘मेटल इनर्ट गॅस’ या इंग्रजी संज्ञेच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. काटेकोरपणे पाहता आर्गॉन अथवा हीलियम यांसारखा अक्रिय वायू वापरला असता हे नाव योग्य होय. पोलादाच्या कामात कार्बन डाय-ऑक्साइड किंवा त्याचे आर्गॉनशी केलेले मिश्रण वापरतात. प्रज्योतीच्या तापमानास कार्बन डाय-ऑक्साइड अक्रिय राहत नाही आणि म्हणून त्या प्रकारास मॅग असे वेगळे नाव आहे. भारतातील कारखान्यांत त्यास ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत रूढ झालेले मिग हेच नाव दोहोंसाठी वापरले आहे.

ही पद्धत मुळात जाड ॲल्युमिनियमाच्या कामासाठी निर्माण झाली. तिच्या जनकांच्या मनात मोटारगाडीचा पातळ पत्रा नव्हता आणि घरामागच्या छपरीत सुटीच्या दिवशी काम करणारा हौशी मनुष्य तर नव्हताच. तरीही पुढे जुन्या मोटारगाड्या जतन करण्याचे ते प्रमुख साधन ठरले. हे कसे घडले, हे समजण्यासाठी प्रज्योतीचा इतिहास व मोटारगाडीच्या बांधणीचा इतिहास असे दोन धागे ध्यानात घ्यावे लागतात.

इतिहास : विद्युत् प्रज्योत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात होती, तथापि धातू सांधण्यासाठी तिचा व्यवहार्य उपयोग निकोलाय बेनार्डोस यांनी १८८० नंतरच्या दशकात केला. त्यांचे विद्युत् अग्र कार्बनाचे होते. त्याच दशकाच्या अखेरीस रशियात निकोलाय स्लाव्ह्यानोव्ह आणि १८९० मध्ये अमेरिकेत सी. एल. कॉफिन यांनी धातूचेच अग्र वापरून ते वितळवून सांध्यात भरण्याची कल्पना मांडली. उघड्या धातूच्या कांडीने केलेला सांधा ठिसूळ होई, कारण वितळलेले पोलाद हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून घेते. स्वीडनमधील ऑस्कार शेलबेर्य यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कांडीवर अभिवाहाचा (मळी व संरक्षक वायू निर्माण करणाऱ्या द्रव्याचा) लेप देऊन यावर उपाय काढला. हीच आजची परिचित ‘वेल्डिंग रॉड’ होय.

लेपाऐवजी बाहेरून आणलेल्या वायूनेच हवा दूर ठेवावी, या विचाराचे एकस्व अर्ज अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील एच. एम. होबार्ट व पी. के. डेव्हर्स यांनी १९२६ च्या सुमारास केले. होबार्ट यांनी हीलियमाचा व डेव्हर्स यांनी आर्गॉनाचा उपयोग केला. हे वायू त्या काळी महाग असल्यामुळे कल्पना बराच काळ कागदावर राहिली. दुसऱ्या महायुद्धाने तिला चालना दिली. विमानांच्या मॅग्नेशियम भागांसाठी रसेल मेरेडिथ यांनी नॉर्थ्रॉप कंपनीत १९४० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत न वितळणारे टंगस्टनाचे अग्र व हीलियमाचे कवच असलेली पद्धत सिद्ध केली. तीच पुढे टिग या नावाने ओळखली जाऊ लागली. टिगने सांधा उत्तम होई, पण काम मंद गतीने चाले आणि जाड पट्ट्यांसाठी ती अपुरी पडे. १९४८ मध्ये एअर रिडक्शन कंपनीच्या साहाय्याने ओहायओतील बॅटेल मेमोरियल संस्थेत टंगस्टनाच्या जागी सतत सरकणारी तार आणण्यात आली व मिग पद्धत जन्मास आली.

पोलादासाठी आर्गॉन परवडण्याजोगा नव्हता. १९५३ मध्ये सोव्हिएट रशियातील ल्युबाव्स्की व नोवोशिलोव्ह यांनी स्वस्त अशा कार्बन डाय-ऑक्साइडाच्या कवचात पोलाद सांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत उष्णता भरपूर व ठिणग्यांचा मारा मोठा असल्याने ती जाड कामालाच योग्य होती. पातळ पत्र्याचा मार्ग खुला झाला तो १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, बारीक तार व कमी विद्युत् दाब वापरून केलेल्या मंडल-संक्षेपी प्रकारामुळे. या प्रकारात तारेचे टोक वितळलेल्या डबक्याला प्रत्यक्ष टेकते, प्रज्योत क्षणभर विझते, वाढलेल्या प्रवाहाने टोकाचा थेंब तुटून डबक्यात मिसळतो व प्रज्योत पुन्हा पेटते. हे चक्र सेकंदाला सु. २० ते २०० वेळा घडते. प्रज्योत मधूनमधून विझत असल्याने पत्र्यात जाणारी एकूण उष्णता मर्यादित राहते. मोटारदुरुस्तीच्या दृष्टीने मिगच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणावी लागेल. काम चालू असता तेल तापल्यासारखा जो चुरचुर आवाज येतो तो याच चक्राचा असतो व जाणता कारागीर यंत्राची जुळणी डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक करतो.

मोटारगाडीच्या बांधणीतील बदल : आरंभीच्या मोटारींना पोलादी तुळयांचा स्वतंत्र सांगाडा असे आणि लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून केलेली काया त्यावर बसविली जाई. पत्रा गंजला तरी गाडीच्या बळास बाध येत नसे. अमेरिकेत एडवर्ड बड यांच्या कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास डॉज गाड्यांसाठी दाबून घडविलेल्या व वितळजोड केलेल्या संपूर्ण पोलादी काया मोठ्या प्रमाणात तयार केल्या. बड यांचेच तंत्र वापरून फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीने १९३४ मध्ये ‘ट्रॅक्सियाँ आव्हाँ’ ही गाडी बाजारात आणली. तीत स्वतंत्र सांगाडा नव्हता. पातळ पत्र्याच्या पोकळ पेट्या ठिपके-सांध्यांनी जोडून झालेली कायाच सर्व भार वाहत असे. या एककवची बांधणीने गाडी हलकी व स्वस्त झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती सर्वत्र रूढ झाली.

मात्र या बांधणीत गंज हा केवळ सौंदर्याचा प्रश्न उरला नाही. साधारणतः ०·७ ते १ मिमी. जाडीच्या पत्र्याची पोकळ पेटी आतून गंजते तेव्हा बाहेरचा रंग शाबूत असतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून ठिपक्यांनी जोडलेल्या जागी केशाकर्षणाने पाणी शिरते व तेथेच राहते. चिखल साचून निचऱ्याची छिद्रे बुजतात. ब्रिटनसारख्या देशात हिवाळ्यात रस्त्यांवर टाकण्यात येणारे मीठ या क्रियेस वेग देते. दहाबारा वर्षांत निलंबनाचे खिळे, आसनपट्ट्यांचे आधार व दारांखालच्या तुळया ज्या पत्र्यावर उभ्या, तो पत्राच नाहीसा होऊ लागला.

ब्रिटनमध्ये १९६० मध्ये दहा वर्षांवरील गाड्यांसाठी सक्तीची वार्षिक तपासणी सुरू झाली; परिवहन मंत्रालयाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एमओटी’ म्हणतात. १९६७ मध्ये ही वयोमर्यादा तीन वर्षांवर आली आणि १९७७ मध्ये काया व सांगाडा यांच्या स्थितीचा तपासणीत समावेश झाला. निलंबन, सुकाणू, आसनपट्ट्या इत्यादींच्या आधारांपासून ३० सेंमी.च्या आतील भारवाही पत्रा गंजून दुर्बल झालेला असेल, तर गाडी नापास होते. तेथील दुरुस्ती सलग वितळजोडानेच करावी लागते. मूळ सांधा ठिपक्यांचा असेल तेथे मात्र त्याच प्रकारचा सांधा चालतो. काचतंतू, लांबी किंवा रिव्हेट यांनी बुजविलेले भोक आणि पितळी झाळकाम या जागी ग्राह्य नसते. ज्याची गाडी जुनी व मिळकत बेताची, अशा मालकापुढे यामुळे सरळ पेच उभा राहिला : गाडीच्या किमतीहून अधिक मजुरी द्यावयाची, गाडी भंगारात घालावयाची किंवा वितळजोडकाम स्वतः शिकावयाचे.

स्वतः शिकण्याचा मार्ग तोवर बिकट होता. ऑक्सि-ॲसिटिलीन ज्योतीने पातळ पत्रा उत्तम जोडता येतो, परंतु उष्णता दूरवर पसरते, पत्रा वाकतो आणि जवळचे अस्तर, वायरी व गंजरोधक डांबर पेट घेते. शिवाय ज्वालाग्राही वायूची टाकी घरी ठेवण्यास विमा कंपन्या नाखूश असत. लेपित कांडीची प्रज्योत एवढ्या पातळ पत्र्याला सांधण्याआधी भोकच पाडते. मिग यंत्राने ही कोंडी फोडली. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात व १९८० नंतर इटली, ब्रिटन इ. देशांत घरगुती एककला पुरवठ्यावर चालणारी, सु. १०० ते १५० अँपि. प्रवाह देणारी लहान यंत्रे विक्रीस आली. त्यांच्या जोडीला माहिती देणारे साहित्यही वाढले. १९८० मध्ये निघालेल्या ‘प्रॅक्टिकल क्लासिक्स’ या मासिकाने घरच्या घरी जीर्णोद्धार हा विषयच आपला मानला. वायूच्या टाकीचे भाडे वाचविण्यासाठी मद्यगृहांत बिअरकरिता वापरावयाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या टाक्या यंत्राला जोडण्याची हौशी मंडळींची युक्ती याच काळातली.

तत्त्व : मिग यंत्र नवख्याला सोपे वाटते याचे कारण त्याच्या विद्युत् पुरवठ्यात आहे. कांडीच्या कामात प्रज्योतीची लांबी हाताने राखावी लागते. मिगचा पुरवठा जवळजवळ स्थिर विद्युत् दाबाचा असतो. हात किंचित वर गेला व प्रज्योत लांबली, तर प्रवाह घटतो, तार हळू वितळते आणि सरकत्या तारेने अंतर पुन्हा पूर्ववत होते. हात खाली आला तर याच्या उलट घडते. लांबी राखण्याचे काम अशा रीतीने यंत्राकडे गेले. कारागिराच्या हाती उरते ते विद्युत् दाब व तारेचा वेग यांची जुळणी, बंदुकीचा कल आणि पुढे सरकण्याची गती. भरीव तारेसाठी बंदूक धन टोकास जोडतात. पत्र्याच्या कामास ०·६ किंवा ०·८ मिमी. व्यासाची, तांब्याचा पातळ मुलामा दिलेली पोलादी तार वापरतात. तीतील मँगॅनीज व सिलिकॉन वितळलेल्या धातूतील ऑक्सिजन काढून घेतात. आर्गॉनात ५ ते २५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड मिसळलेला वायू मिनिटाला सु. ८ ते १५ लि. इतका सोडतात. निव्वळ कार्बन डाय-ऑक्साइडाने ठिणग्या अधिक उडतात, परंतु वितळ अधिक खोल जाते. तारेच्या पोकळीत अभिवाह भरून वायूची टाकी वगळण्याचा प्रकारही आहे. तो उघड्यावर, वाऱ्यात उपयोगी पडतो, मात्र पातळ पत्र्यावर त्याने केलेले काम ओबडधोबड होते.

जीर्णोद्धारातील तंत्र : हे तंत्र समजण्यास ब्रिटनमधील ॲबिंग्डन येथे १९६२–८० या काळात तयार झालेल्या एमजीबी गाडीचे उदाहरण सोयीचे आहे. या गाड्या पाच लाखांहून अधिक निघाल्या व त्यांपैकी पुष्कळ घरीच दुरुस्त झाल्या आहेत. तिच्या आधीच्या एमजीए गाडीस स्वतंत्र सांगाडा होता; एमजीबी एककवची आहे. उघड्या टपाच्या प्रकारात छप्पर नसल्याने गाडीचा ताठपणा मुख्यतः दोन्ही दारांखालच्या पेटीवजा तुळयांवर अवलंबून असतो. प्रत्येक तुळई आतला पत्रा, मधला पडदा व बाहेरचा पत्रा अशा तीन थरांची असून तिची दोन्ही टोके चाकांवरील पंखांच्या मागे दडलेली असतात.

येथेच घाईची दुरुस्ती व खरा जीर्णोद्धार यांतील भेद दिसतो. गंजलेल्या तुळईवर बाहेरून नवा पत्रा चिकटवून रंग दिला, तर गाडी सुबक दिसते. पण भार वाहणारे आतले थर कुजतच राहतात. योग्य पद्धतीत गाडी समतल आधारांवर ठेवून दाराच्या चौकटीत आडवा पोलादी दांडा तात्पुरता जोडतात, कारण तुळई कापताच मधोमध गाडी खचू लागते. एका वेळी एकच बाजू उघडतात. नवे पत्रे पकडींनी बसवून दार लावून पाहतात आणि दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आल्याशिवाय पक्का सांधा घेत नाहीत. या तपासणीत गेलेला वेळ वितळजोडास लागणाऱ्या वेळेच्या कित्येक पट असतो. उतावळ्यांनी केलेल्या अनेक गाड्यांची दारे पुढे जन्मभर नीट लागत नाहीत, याचे मूळ वितळजोडात नसून या टप्प्यात असते.

मूळ ठिपके-सांधे विशिष्ट गिरमिटाने फक्त वरच्या पत्र्यापुरते कोरून काढतात. नवीन सांध्यासाठी वरच्या पत्र्यात ५ ते ८ मिमी. व्यासाची भोके पाडून ती खालच्या पत्र्यापासून वर भरीत आणतात. यास बूच-सांधा म्हणता येईल. तो ठिपके-सांध्याची जागा घेतो. टोकास टोक भिडवावयाचे असेल तर मध्ये थोडी फट ठेवतात, दूरदूर टाके घालतात आणि प्रत्येक टाका निवल्यावर मधल्या जागा आलटून पालटून भरतात. निवताना धातू आकुंचन पावतो. सलग रेघ ओढल्यास सपाट पत्र्यास लाटा येतात. एका कडेस पायरी पाडून दुसरी कड तीवर बसविणे सोपे असते, परंतु त्या दुहेरी जागेत पुन्हा पाणी अडकते. सांध्यात झाकल्या जाणाऱ्या पृष्ठांस जस्तयुक्त लेप व काम संपल्यावर पोकळीत मेणाचा फवारा हे उपाय म्हणूनच ऐच्छिक समजले जात नाहीत.

बाहेरच्या दर्शनी पत्र्याबाबत मिगची मर्यादा मान्य करावी लागते. तिची रेघ उंच व कठीण असते आणि हातोडीने ठोकून पसरविता येत नाही. ती घासून काढावी लागते व घासताना शेजारचा पत्रा पातळ होतो. ऑक्सि-ॲसिटिलीन किंवा टिगची रेघ मऊ असल्याने परंपरागत काया-कारागीर पंख व दारे यांसाठी आजही त्या पद्धती पसंत करतात.

दोष व धोके : मिगचा सर्वांत मोठा दोष तिच्या सोपेपणातूनच येतो. विद्युत् दाब कमी वा तारेचा वेग जास्त असेल, तर वितळलेली तार पत्र्यावर नुसती साचते. खालचा धातू वितळतच नाही. वरून अशी रेघ भरघोस व नीटनेटकी दिसते आणि ताण येताच सुटते. कांडीच्या कामात नवख्याचे अपयश सहसा उघड दिसते, मिगमध्ये ते झाकले जाते. म्हणून गाडीला हात लावण्यापूर्वी त्याच जाडीच्या तुकड्यांवर सांधा करून तो पकडीत धरून फाडून पाहण्याची शिफारस केली जाते : सांधा सुटून आला तर तो वाया गेला, शेजारचा पत्रा फाटला तर तो खरा. मागील बाजूस उमटलेली बारीक रेघ हीही आतवर वितळ गेल्याची खूण होय. गंज, रंग किंवा तेल राहिले अथवा वाऱ्याने वायूचे कवच उडाले, तर सांध्यात सूक्ष्म छिद्रे पडतात.

प्रज्योतीतील जंबुपार किरणांनी डोळ्यांस तीव्र दाह होतो. १९८१ मध्ये स्वीडनमध्ये प्रज्योत पेटताच आपोआप काळी होणारी काच प्रचारात आली. तिच्यामुळे दोन्ही हात मोकळे राहू लागले व घरगुती कामाची प्रतही सुधारली. जस्ताचा मुलामा जळून निघणारा धूर ताप आणतो. क्लोरीनयुक्त द्रावकाने पुसलेला पत्रा न वाळवता प्रज्योत पेटविल्यास फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. बंद छपरीत साचलेले आर्गॉन वा कार्बन डाय-ऑक्साइड गुदमरविते. पेट्रोलची टाकी व नळ्या काढणे, विद्युत् घटमाला सोडविणे आणि काम थांबल्यावरही काही वेळ पहारा ठेवणे आवश्यक असते, कारण पोकळीतील डांबर वा अस्तर धुमसत राहून उशिरा पेट घेते.

भारतातील स्थिती : मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० व तिचीच पुढील आवृत्ती असलेली पद्मिनी ही एककवची गाडी होती. दीर्घकाळ ती मुंबईची टॅक्सी म्हणून धावली व २०२३ मध्ये टॅक्सीसेवेतून पूर्णपणे बाहेर पडली. कोकणपट्टीचा पाऊस व खारी हवा यांनी तिच्या तळाचा पत्रा गंजे. मात्र येथे तो घरी नव्हे, तर रस्त्याकडेच्या गॅरेजात बदलला जाई. कार्बाइडापासून तयार केलेल्या ॲसिटिलीनाची ज्योत व हातोडी ही ‘डेंटिंग’ करणाऱ्या कारागिराची मुख्य साधने होती. मजुरी स्वस्त व कसब परंपरेने उपलब्ध असल्याने मालकाने स्वतः यंत्र घेण्याचे कारण उद्भवले नाही. ब्रिटनमध्ये मिगचा प्रसार घरातून झाला, भारतात तो कारखान्यातून झाला, या भेदाचे कारण तंत्रात नसून मजुरीच्या दरात आहे.

अलीकडील बदल : १९७३ च्या तेलसंकटानंतर गाड्यांचे वजन घटविण्यासाठी उच्चबलाचे पोलाद वापरले जाऊ लागले. ज्योतीच्या विस्तृत उष्णतेने त्याचे बळ नष्ट होते, त्यामुळे व्यावसायिक दुरुस्तीगृहांनीही १९८० नंतर मिगचा स्वीकार केला. अमेरिकेत १९७९ मध्ये स्थापन झालेल्या आय-कार संस्थेने एककवची गाड्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण सुरू केले. दुसरीकडे, ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ मध्ये मूळ साच्यांवरच एमजीबीची संपूर्ण नवी काया तयार करण्यास आरंभ केला. कुजलेली काया सांधत बसावे की नवी घ्यावी, हा हिशेब तेव्हापासून प्रत्येक मालकास करावा लागतो. जुन्या गाड्यांवरील सक्तीही सैल झाली आहे : मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरील, फारसा बदल न केलेल्या गाड्यांस वार्षिक तपासणीतून सूट आहे. अशा गाडीच्या तळाखालील सांधे आता परीक्षकाच्या नजरेस येतीलच असे नाही. त्यांची जबाबदारी मालकावर आहे.

नव्या गाड्यांत बोरॉनयुक्त, तापवून दाबलेल्या पोलादाचे भाग असतात. त्यांवर नेहमीचा मिग सांधा केल्यास सांध्यालगतचा पट्टा मऊ पडतो. तेथे तांबे-सिलिकॉनाची तार वापरून त्याच यंत्राने, पत्रा न वितळविता, सु. १,००० °से.च्या आसपास झाळकाम करतात. तेही निर्मात्याने अनुमती दिली असेल तेथेच. घरगुती यंत्राने अशा भागास हात लावू नये, असेच तज्ञांचे मत आहे.